बोटीतून पडलेला माणूस रजिस्टरमध्ये सापडत नाही

बोटीच्या इंजिनाला हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि मनगट मोडलं, असा माणूस दवाखान्यात आला की रजिस्टरला काय लिहितात? हात फ्रॅक्चर. चिखलाच्या उतारावर बोटीतून उतरताना घसरलेली सातव्या महिन्यातली बाई आली की? पडल्यामुळे पोटात दुखणे. बोट आणि काठाचा दगड यांच्यात बोटं चेमटलेला पोरगा, सायलेन्सरला पोटरी भाजलेली म्हातारी, बोटीच्या पंख्यानं पाय कापलेला मच्छीमार, सगळे येतात, टाके पडतात, टीटीचं इंजेक्शन होतं, घरी जातात. लिहिलेलं खोटं नसतं, हात मोडलेलाच असतो, पण बोट त्यात कुठेच नसते. वर्षाच्या शेवटी कुणी ते रजिस्टर चाळलं तर त्याला वाटेल की या भागात बोटीमुळे कुणाला काही होतच नाही.

मी शहाद्याकडची, नर्स आहे, आणि नोकरीतली बरीच वर्षं सातपुड्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना केळी आणि ऊन आठवतं, पाणी आठवत नाही. पण अक्कलकुवा आणि धडगावच्या नर्मदाकाठाला सरदार सरोवराचं पाणी पसरलंय, मणिबेली, चिमलखेडी, डनेल अशा गावांच्या पाड्यांवर जायचं तर कितीतरी ठिकाणी होडी किंवा बार्जच. रेशन त्यातून येतं, लसीचा डबा त्यातून जातो, कळा आलेली बाई त्यातूनच निघते. २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जायच्या त्याची बातमी देशभर झाली, सगळ्यांनी कौतुक केलं आणि ते रास्तच होतं, पण मला ती बातमी वाचताना सारखं वाटत होतं की त्या होडीत लाइफ जॅकेट आहे का आणि वारा सुटला तर ती बाई काय करणार. इकडे तापीवर बघा, हतनूर धरणाचं पाणी, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज, आणि खाली गुजरातेतल्या उकाई धरणाचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या काठाला येऊन टेकलाय. मासेमारी, देवदर्शन, विसर्जन, पलीकडच्या शेतात मजूर नेणं, रोज कुणी ना कुणी पाण्यावर असतंच.

जानेवारी २०१९ मध्ये मकर संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत बोट उलटली. पूजेला निघालेले आदिवासी लोक, बायका आणि लहान मुलं धरून बोटीत साठच्या आसपास माणसं. सुरुवातीच्या बातम्यांतच निदान सहा जण गेल्याचं होतं. आपल्याकडे सगळ्यांना ती घटना आठवते. पण आठवतं काय, तर मेलेल्यांचा आकडा आणि जास्त माणसं भरली होती हे एक वाक्य. मला त्याच्या पुढचं हवं असतं. माणसं बसलेली होती की उभी होती? एका बाजूला सगळी एकदम का सरकली, सरकली असतील तर? बोटीच्या तळात आधीच पाणी साचलेलं होतं का? कारण तळात घोटाभर पाणी जरी असलं ना तरी बोट जिकडे कलते तिकडे ते सगळं पाणी धावतं आणि कल अजून वाढवतं, हे कुठल्याही जुन्या नावाड्याला माहिती असतं, प्रवाशाला नसतं. जी वाचली ती कशाला धरून वाचली? कुणाच्या छातीत पाणी गेलं, कुणाला नंतर न्यूमोनिया झाला, किती वेळानं दवाखान्यात पोचली? वाचलेल्या माणसांकडे हे सगळं असतं आणि चार दिवसांत त्यांना विचारलं नाही तर ते निघून जातं, मग सहा महिन्यांनी विचाराल तर गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी कथा असते.

प्रकाशाकडच्या एका नावाड्याशी मी यावर बोलत होते. चांगला वयस्कर माणूस, अहिराणीत म्हणाला, "ताई, कितला मरनात ते समदा इचारतस, कसं व्हयनं ते कोन्ही इचारत नही." मला हा माणूस कुठल्याही अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त कळलेला वाटतो.

आता नोंद होतच नाही असं नाही. माणूस बुडून मेला की पोलिसांत अकस्मात मृत्यू दाखल होतो, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम होतं. तिथून आकडे वर जातात आणि एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, वार्षिक अहवालात बुडून मेलेल्यांचा तक्ता येतो, देशात दरवर्षी तीस हजारांच्या वर माणसं, आणि त्यात बोट उलटून मेलेले वेगळे दाखवलेले असतात. म्हणजे मेलेला माणूस निदान मोजला तरी जातो. पण त्या तक्त्यावरून नावाड्यानं उद्या काय वेगळं करायचं ते कळत नाही, आणि जो मेला नाही तो त्या तक्त्यात येतच नाही. आणि खरा खजिना तर न मेलेल्यांकडेच आहे! बोट कलली पण सावरली, इंजिन मधेच बंद पडलं आणि बोट वाहत बॅरेजच्या दरवाजांकडे निघाली पण दुसऱ्या नावेनं दोर टाकला, पोरगं पाण्यात पडलं पण वेणीला धरून वर ओढलं. अशा गोष्टी प्रत्येक घाटावर ऐकायला मिळतात, लोक हसत हसत सांगतात, आणि त्यातलीच एखादी पुढच्या वर्षी पेपरात येते.

आमच्याच खात्यात हे काम कसं करायचं ते करून दाखवलेलं आहे म्हणून मला जास्त वाटतं. बाळंतपणात बाई दगावली की माता मृत्यू अन्वेषण होतं. घरी जाऊन, नवऱ्याला, सासूला, आशाताईला विचारून, तास तासाचा हिशोब लावला जातो, निर्णय घ्यायला उशीर झाला का, पोचायला उशीर झाला का, पोचल्यावर उपचाराला उशीर झाला का, हे तीन उशीर आम्हाला तोंडपाठ असतात. फॉर्म भरायचा कंटाळा येतो, खरंय, पण पोचायला उशीर होतो हे कळलं म्हणूनच गरोदर बाईला तारखेच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, तिथल्या माहेरघरात तिची राहायची सोय करायची, असले उपाय होऊ शकतात. मग तीच बाई बोटीतून येताना बुडाली तर? तिच्या मरणाची अशी तासवार उकल का होऊ नये, मला याचं उत्तर मिळत नाही.

अमेरिकेत हे कसं करतात ते मी थोडं वाचलं. तिथं कोस्ट गार्डकडे हौशी बोटींच्या अपघातांची सगळी नोंद जमा होते. नियम असा की माणूस मेला, बेपत्ता झाला, प्रथमोपचाराच्या पलीकडे उपचार लागले, दोन हजार डॉलर किंवा जास्त नुकसान झालं किंवा बोटच गेली, तर चालवणाऱ्यानं किंवा मालकानं रिपोर्ट द्यायचा. चोवीस तासांत मृत्यू झाला, कुणी बेपत्ता झालं किंवा जखमी झालं तर ४८ तासांत, नुसतं नुकसान असेल तर १० दिवसांत. फॉर्ममध्ये बोटीची लांबी, वारा, दृश्यता, चालवणाऱ्याचा अनुभव, ट्रेनिंग, जॅकेट घातलेलं होतं का, सगळं विचारतात. आणि दरवर्षी तो आकडा छापतात. २०२३ मध्ये ३,८४४ अपघात, ५६४ मृत्यू, २,१२६ जखमी. मृत्यूचं कारण माहीत होतं त्यात ७५ टक्के बुडून, आणि बुडालेल्यांत ज्यांच्या जॅकेटची माहिती होती त्यातल्या ८७ टक्क्यांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. जीवघेण्या अपघातांच्या कारणांमध्ये दारू सगळ्यात वर. हे वाचून मी थांबले, कारण आपल्याकडे बोट उलटली की लोक म्हणतात नदीचं पाणी खवळलं, नदीनं बळी घेतला, आणि तिकडे वर्षानुवर्षं मोजून कळलं की जॅकेट, दारू आणि ट्रेनिंग यांवर माणसाला काहीतरी करता येतं. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिलं तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, अशा अपघातांमुळे इंजिन आपोआप बंद करणारी दोरी, म्हणजे एक टोक चालवणाऱ्याला आणि एक इंजिनाच्या स्विचला, ती छोट्या मोटरबोटींवर लावून चालवणं एप्रिल २०२१ पासून तिथं सक्तीचं झालं. एक दोरी! आपल्या नर्मदेतल्या मोटरबोटींना ती लावायला कितीसा खर्च येणार आहे. आणि एवढं करूनही तिथले लोक स्वतःच मान्य करतात की जे अपघात जीवघेणे नसतात त्यातले थोडेच त्यांच्यापर्यंत पोचतात, म्हणजे नोंद अर्धवट असली तरी तिचा उपयोग होतो.

नोंद का पोचत नाही, ते मात्र आपल्याकडे समजून घ्यायला लागेल. नावाडी सांगेल कशाला? सांगितलं तर बोट बंद, पोराबाळांच्या पोटावर पाय, वर केस. भोई आणि कोळी समाजातले हे लोक, दिवसाची कमाई दिवसाला खाणारे, त्यांच्याकडून खरं ऐकायचं असेल तर आधी त्यांना भीती वाटायला नको. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली, १९३ माणसं गेली, त्यानंतर १९८९ मध्ये जहाज अपघातांच्या तपासाची वेगळी शाखा काढली. तिचं काम दोषी शोधायचं नाहीच, परत होऊ नये म्हणून कारण शोधायचं एवढंच. दोषी शोधायला पोलीस आहेत, कोर्ट आहे. ही दोन कामं एकाच माणसाच्या हातात दिली की पहिलं काम मरतं असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्यानं मुद्दाम पंचवीसच्या बोटीत साठ माणसं कोंबली त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही, पण ज्याचा दोर तुटला पण कुणाला काही झालं नाही त्यानं तो दोर तुटल्याचं बिनधास्त सांगावं अशी एक जागा हवी.

आणि सगळ्या अपघातांना एकच औषध नसतं हे तर आपल्याच देशातले गेल्या काही वर्षांतले अपघात शेजारी शेजारी ठेवले तरी दिसतं. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला २२ माणसं गेली, ती मासेमारीची बोट बदलून, वर मजला चढवून पर्यटकांसाठी केलेली होती, वर माणसं बसली की बोटीचं वजन वर जातं आणि ती लवकर कलते. वडोदऱ्याला हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची मुलं, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका, तिथं माणसं जास्त आणि जॅकेटं कमी. त्याच वर्षी २१ मे ला उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळात उलटली, बोटीत सातच माणसं होती, सहा गेली, एक पोहत काठाला आला. सातच! म्हणजे गर्दी नव्हती, वारा होता. आणि १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या नीलकमल फेरीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, त्यात एकूण १५ जण गेले, फेरीत परवानगीपेक्षा जास्त प्रवासी होते तरी मूळ कारण धडक. त्यानंतर गेटवेला प्रवाशांना जॅकेट सक्तीचं केलं. चार अपघात, चार कारणं, आणि आपण मात्र प्रत्येक वेळी जॅकेटं वाटून मोकळे होतो.

जॅकेटं तर हवीतच, पण त्यांचीही नोंद हवी. मी पाहिलेली कितीतरी जॅकेटं पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेली असतात, का तर चोरीला जातात म्हणून. काहींचे बक्कल तुटलेले, काहींचा फोम उन्हानं चुरा झालेला. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराला चढवलं आणि दोन पायांमधून पट्टा घेतला नाही की पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोरगं खाली सटकतं. बायका नऊवारी किंवा फडकीवर ते घालायला लाजतात, ओढणी-पदर अडकतो, कुणी बांधून दिलं तर घालतात, पण बांधून द्यायला बाईमाणूस तिथं नसते. हे सगळं कागदावर कुठे येतं? "जॅकेट उपलब्ध होते" एवढंच येतं.

आपल्या भागाचं स्वतःचं एक कॅलेंडर आहे, ते बाहेरच्या कुणाला कळणार नाही. संक्रांतीला नर्मदेची पूजा. महाशिवरात्रीला प्रकाशाला गर्दी आणि तिकडे मुक्ताईनगरकडे चांगदेव-मेहुणला तापी-पूर्णेच्या संगमावर यात्रा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई, तेव्हा तर मे महिन्याच्या आसपासची वादळं, दुपारनंतर एकदम वारा सुटतो. श्रावणात कानबाईचं विसर्जन, नदी भरलेली. मग गणपती. त्यात हतनूरचे ४१ दरवाजे, वर पाऊस झाला की त्यातले काही उघडतात आणि खालच्या गावांत तापी बघता बघता चढते, दवंडी, मेसेज येतो पण पाण्यात जाळं टाकून बसलेल्या माणसापर्यंत तो पोचला का हे कुणी विचारत नाही. याच्या उलट उन्हाळ्यात फुगवटा उतरला की नर्मदेच्या काठाला नुसता गाळ, बोट जिथं टेकते तिथून कोरड्या जमिनीपर्यंत गुडघाभर चिखल, आणि बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात, बोटीच्या तळाला लागतात. तारीख, वेळ, वारा आणि पाण्याची पातळी एवढे चार रकाने जरी कुणी दोन-तीन वर्षं भरले तरी कुठल्या घाटावर कुठल्या महिन्यात काय होतं ते डोळ्यासमोर येईल.

कायदा नाही असंही नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, म्हणजे देशातल्या नदी-जलाशयांतल्या बोटींचा कायदा, आलाय, त्यात अपघात आणि त्याच्या चौकशीसाठी वेगळं प्रकरण आहे, बिनइंजिनाच्या नावांचाही विचार केलाय. एनडीएमएनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, २०१७ मध्ये बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. पण दिल्लीतला कागद धडगावच्या घाटावर उतरायचा तर मधे कुणीतरी वही धरून बसायला पाहिजे. माझ्या मते ती वही ग्रामपंचायतीकडे असावी आणि भरायला नावाडी, आशाताई, पोलीस पाटील यांच्यापैकी कुणीही चालेल. नावाड्याला लिहिता येत नसेल तर त्यानं फोनवर बोलून व्हॉइस मेसेज टाकावा, शाळेतलं पोरगं उतरवून घेईल. आणि दवाखान्यात आम्ही दुखापत लिहितो तिथं एकच प्रश्न वाढवायचा, पाण्यावर किंवा बोटीत चढता-उतरताना झालं का, हो किंवा नाही. सापाच्या दंशाची नोंद कळवणं बंधनकारक करा असं केंद्रानं राज्यांना २०२४ मध्ये सांगितलं, कारण मोजल्याशिवाय सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठं किती ठेवायचं ते कळत नाही. पाण्याचंही तेच आहे.

मी सध्या एका घाटावरच्या नावाड्यांना भेटून एवढंच करतेय, कुणाचं नाव न लिहिता काय झालं, कधी झालं, बोटीत किती होते, कोण कुठं बसलं होतं, कशामुळे वाचले. पहिल्या काही नोंदींतच एक गोष्ट वर आली, पाण्याच्या मधे काही होण्यापेक्षा चढता-उतरताना माणसं जास्त पडतायत, त्यातही बायका, कडेवर पोर आणि डोक्यावर ओझं असलेल्या. मला आधी वाटायचं जॅकेट मागावं लागेल, पण नावाडीच म्हणाले ताई आधी फळी मागा, रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली, आणि धरायला एक बांबू. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ते टाकायला सरपंचांना अर्ज दिलाय. सोबत वहीतल्या नोंदींची झेरॉक्स जोडलीय.